काचेबाहेरचा बाक

नवजात बाळांच्या एनआयसीयूच्या बाहेर बसलेल्या माणसाला दोनच कामं असतात. आतून आपलं नाव पुकारलं जायची वाट बघायची आणि तोवर शेजारच्याचं ऐकायचं. पहिलं काम जीव खातं. दुसऱ्यात किस्से जमतात. पॅन्टच्या खिशात बसची तिकिटं जमतात तसे. टाकू टाकू म्हणत राहतात आणि एक दिवस खिसा उलटा केला की सगळे एकदम बाहेर.

आज उलटा करतेय, कारण पोरगी आता घरी आहे. पंख्याकडे बघून हातपाय झाडते, अंगावर दूध ओकते, कुणाच्याही मांडीवर शी करते. म्हणजे एकदम नॉर्मल. त्यामुळे हसून सांगता येतंय. तेव्हा सांगितलं असतं तर शिव्याच जास्त आल्या असत्या. आताही येतील, पण कमी.

मी सायली. इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं. येत नव्हतं म्हणून नाही, सहन होत नव्हतं म्हणून. कॉलेज रोडला मोबाईलच्या दुकानात काउंटर सांभाळत होते. अक्षयशी लग्न मी ठरवलं, बाकीच्यांनी मान्य केलं. मोठ्या माणसांना वाकून नमस्कार करायचा असं मला शिकवलेलं आहे. त्यांचं तोंड बंद कसं करायचं, ते कुणी शिकवलं नाही. हे सगळे किस्से त्या एका कमतरतेतून झालेले आहेत.

*

बाळ सातव्या महिन्यात आलं. दुकानातून घरी आले, पाय धुतले, आणि पोटातलं पाणी गेलं. सकाळ झाली तेव्हा पोरगी काचेच्या पेटीत, नाकाला नळी, डोक्यावर अंगठ्याएवढी वाटावी अशी टोपी.

डॉक्टरीणबाई सरळ बोलल्या. "हे का होतं ते पुष्कळदा आम्हालाही सापडत नाही. पण तुम्ही काही केलंत म्हणून झालेलं नाही. हे डोक्यातून काढा."

हे वाक्य मी घट्ट धरून बाहेर आले. ते दारापर्यंतच टिकलं. बाहेर घरची मंडळी उभी होती, आणि त्यांना सगळं सापडलेलं होतं.

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, ग्रहणात मी चाकू हातात घेतला होता. माझी मम्मी म्हणाली, दोरीवर कपडे टाकताना हात वर केले. अक्षयचे मामा म्हणाले, स्कूटीवरून दुकानात जाणं आणि रविवारची तिखट मिसळ. या हिशोबाने नाशकात एकही बाळ नऊ महिने पोटात टिकलं नसतं.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "पपई खाल्ली असशील."

"काकू, मी पपई खात नाही. लहानपणापासून नाही."

काकूंनी थोडा विचार केला. "मग वास घेतला असशील."

*

पण खरा घाव घातला आत्याबाईंनी. अक्षयच्या आत्या, माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. लासलगावला असतात. घर मार्केट यार्डाला लागून, त्यामुळे ट्रॅक्टरच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय. त्या पिशवीभर अळिवाचे लाडू घेऊन आल्या, काचेतून एकदा बघितलं, आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "कॉलेज अर्धवट सोडलं, आता हेही अर्धवट. हिच्या हातून एक गोष्ट म्हणून पुरी व्हायची नाही."

मी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. प्रिन्सिपलचंसुद्धा नाही. त्या दिवशी घेतलं. अंगात उभं राहायची ताकद नव्हती हे एक. आणि दुसरं असं की, बरोब्बर तेच वाक्य मी सकाळपासून स्वतःला ऐकवत होते. त्यांनी फक्त आवाज दिला.

अण्णा, म्हणजे माझे सासरे, तिथंच बसलेले होते. बहिणीला गप्प बस म्हणाले नाहीत. हो बरोबर, असंही म्हणाले नाहीत. पेपरची घडी घातली, उघडली, परत घातली.

अण्णांचं मौन मला नवीन नव्हतं. लग्न झाल्यापासून ते माझ्याशी थेट बोलतच नव्हते. काही सांगायचं असलं की हवेत सांगायचे. "गेट लावून घ्या म्हणावं." "चहात साखर कमी टाका म्हणावं." घरात आम्ही दोघंच असलो तरी म्हणावं. कुणी कुणाला म्हणावं, देव जाणे. त्यामुळे त्या दिवशी त्यांच्या मनात काय होतं हे मला कळायला मार्ग नव्हता. मी धरून चालले की बहिणीसारखंच असणार. ते माझ्या डोक्यात जाऊन बसलं. आत्याबाई लाडू ठेवून गेल्या, हे मात्र डोक्यातून गेलं नाही.

*

बाकावर माझ्या शेजारी मंगल असायची. सुरगाण्याकडची, डोंगरातली. तिचा मुलगा आमच्या पोरीच्या बाजूच्या पेटीत. तिचा नवरा द्राक्षबागेच्या कामावर, रविवारी यायचा. बाकी तिच्याकडचं कुणी येऊ शकत नव्हतं.

पहिल्याच दिवशी तिने मला विचारलं, "तुझं कशानं झालं म्हणतेत?"

"स्कूटी. मिसळ. चाकू. ठरलेलं नाही अजून. तुझं?"

"मी लय चालले म्हणं. पाण्याला चालले, रानात चालले. सासू बोलली, इतकं चालल्यावर प्वार खाली नाय येणार तर काय."

बाकाच्या टोकाला सिडकोतल्या एक वहिनी बसायच्या. शिक्षिका. त्या बिचाऱ्या पहिल्या महिन्यापासून डॉक्टरच्या सांगण्यावरून आडव्या होत्या. त्यांची सासू सगळ्यांना सांगायची, "नुसती लोळून असायची हो. बाळाला व्यायाम नको?"

मंगल चालली म्हणून, मी गाडीवर बसले म्हणून, वहिनी झोपल्या म्हणून.

मंगलने आम्हा दोघींकडे बघितलं आणि म्हणाली, "पुढच्या टायमाला उभ्याच राहू."

त्या दिवशी मी बाळंतपणानंतर पहिल्यांदा हसले. पोट धरून हसले, कारण पोट खरंच दुखत होतं. मोठ्या सिस्टर बाहेर आल्या, "इथं काय चाललंय?" वहिनी म्हणाल्या, "काही नाही सिस्टर, प्लॅनिंग."

*

आता डोहाळजेवणाचं सांगते. हे मी डोळ्यांनी बघितलेलं नाही, कारण उत्सवमूर्ती मी असूनही मी तिथं नव्हते.

कार्यक्रम ठरला होता बाळ आलं त्याच्या पुढच्या रविवारी. सोसायटीचा हॉल, फुलांचा झोपाळा, हिरवी साडी, सगळ्यांना आमंत्रणं गेलेली. बाळ आधीच आल्यावर कुणीही शहाणा माणूस फोन करून रद्द झालं म्हणून सांगेल. पण आत्याबाईंचा हुकूम निघाला: बाळ घरी येईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, दृष्ट लागते. आता रद्द म्हटलं की लोक 'का' असं विचारणार. का विचारलं की सांगावं लागणार. म्हणून कुणी कुणाला काही कळवलंच नाही. सगळ्यांची अशी समजूत की, आपण गप्प बसलो की कार्यक्रमही गप्प बसेल.

रविवारी माणसं आली. नटून-थटून, ओटीचं सामान घेऊन. झोपाळेवाल्यालाही कुणी कळवलेलं नव्हतं, त्यामुळे झोपाळाही आला. जेवण आलं. अक्षय हॉस्पिटलातून कपडे बदलायला घरी गेला होता, तो सरळ वाढायला लागला.

"सायली कुठाय?"

आई म्हणाल्या, "तयार होतेय."

बायका गप्पा मारत बसल्या. फुलांच्या झोपाळ्यावर शेजारची कार्टी झोके घेऊन आली. मठ्ठा संपला. परत विचारणा झाली. आई म्हणाल्या, "होतेय तयार. साडी नीट बसत नव्हती."

पहिली पंगत उठली, दुसरी बसली. शेवटी कोपऱ्यातल्या एक म्हाताऱ्या काकू कंटाळून म्हणाल्या, "एवढा वेळ? आता काय बाळंत होऊनच येते की काय?"

अक्षय सांगतो, हॉल हसला आणि आई मटकन खाली बसल्या. हातात जिलबीचं ताट. आणि तिथंच सगळ्यांसमोर रडत रडत सांगून टाकलं: झाली बाळंत, मुलगी आहे, पेटीत आहे, आणि माझ्या तोंडात घास जात नाही.

मग एक गोष्ट झाली, ती मात्र मला आवडली. कुणी दृष्ट लावली नाही. त्या सगळ्या बायका ओटीचं सामान घेऊन रिक्षा करून हॉस्पिटलच्या गेटवर आल्या. वॉचमनने अडवलं. "पेशंटला एकच माणूस."

मी खिडकीतून खाली बघितलं तर गेटवर हिरव्या साड्यांची रांग. एकेक जण वर बघून हात हलवतेय. त्यातल्या तिघी-चौघींनी हात जोडून ओरडून सांगितलं, "आमचंपण लवकरच झालं होतं गं! हा बघ, हा!" आणि एकीने शेजारी उभ्या असलेल्या मिशा असलेल्या पोरग्याला पुढे ढकललं.

*

दुधाचा विषय निघाला की अजून माझे कान गरम होतात.

पोरगी ओढू शकत नव्हती, म्हणून दूध पिळून वाटीत काढायचं आणि सिस्टर ते नळीने द्यायच्या. पहिल्या दिवशी अर्धा तास मी पडद्याआड बसले आणि वाटीचा तळ जेमतेम ओला झाला. बाहेरून आई दर मिनिटाला: "येतंय का?" मम्मी: "येतंय का?" सिन्नर फाट्यावर बसची वाट बघावी तसं.

वाटी घेऊन बाहेर आले. दोन्ही आज्यांनी वाकून बघितलं. दोघी एका सुरात म्हणाल्या, "एवढंच?"

मोठ्या सिस्टरनी वाटी हातात घेतली. सोन्याची असल्यासारखी. "तिचं पोट केवढंय माहितीये? बोरापेक्षा थोडं मोठं. तुम्ही दोघी एका घासाला जेवढं घेता, तेवढ्यात ती वारली असती." मग आपण काय बोललो ते कळून त्या घाईने म्हणाल्या, "म्हणजे भरपूर आहे. तिला भरपूर आहे."

त्या दिवसापासून अळिवाच्या लाडवांचा मारा सुरू झाला. लासलगावहून यायचे, मम्मीकडून यायचे, त्या डोहाळजेवणाच्या बायकांकडून यायचे. मला एकाच्या वर जात नव्हता. बाकीचे अक्षय खायचा, टेन्शनमध्ये. सिस्टर रोज सकाळी पोरीचं वजन सांगायच्या आणि आम्ही दहा ग्रॅमसाठी नवस बोलायचो. एका सकाळी सिस्टर म्हणाल्या, "आज वाढलं नाही." मग अक्षयकडे वरपासून खालपर्यंत बघत म्हणाल्या, "तिचं नाही वाढलं."

*

अण्णांचा आणखी एक गुण सांगायचा राहिला. त्यांना उशीर म्हणजे पाप. ओझरला विमानाच्या कारखान्यात नोकरी केली, आणि गेट उघडायच्या आधी गेटवर हजर. तीच सवय जन्माची. लग्नानंतर आम्ही सगळे मनमाडहून गाडी पकडणार होतो, तर आम्हाला इतक्या लवकर स्टेशनवर नेऊन बसवलं की आमच्या आधीच्या तीन गाड्या गेल्या. प्रत्येक गाडीच्या वेळी कुणीतरी विचारायचं, "तुमची गाडी चुकली का?" अण्णा अभिमानाने सांगायचे, "नाय. यायचीय."

हॉस्पिटलात भेटायची वेळ संध्याकाळची. अण्णा जेवून लगेच येऊन बसायचे.

सिस्टर म्हणायच्या, "काका, वेळ झाली नाही."

"म्हाईत हाय. मी आधी आलोय."

संध्याकाळी पडदा सरकला की काचेला नाक लावून उभे राहायचे. हलायचे नाहीत. मला रागच यायचा. नातीकडे एवढं प्रेमाने बघता, तिच्या आईशी एक शब्द बोलवत नाही? एकदा मी न राहवून बघितलं, हे नक्की बघतात तरी काय. तर नजर आमच्या पेटीवर नव्हतीच. इतके दिवस अण्णा मंगलच्या मुलाकडे बघत होते.

आईंनी कपाळावर हात मारला. "अहो, आपली ती पलीकडची."

अण्णा जरा ओशाळले. पलीकडे बघितलं. मग परत अलीकडे बघितलं. "बरं मग. ह्यालाबी कोनीतरी बघायला पायजेच ना."

त्यानंतर ते दोन्ही पेट्यांसमोर उभे राहायचे. आधी एक, मग दुसरी. मंगल मला म्हणाली, "तुझा सासरा बोलत नाय, पण हजेरी लावतो."

*

एका दुपारी बाकावर मी आणि आई दोघीच होतो. आई पिशवीतून एक झबलं काढून शिलाई उसवत होत्या. आत घ्यायला. ते पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मापाचं होतं. आमची पोरगी त्याच्या एका बाहीत मावली असती.

"हे कधी शिवलंत?"

त्यांनी आणखी दोन टाके उसवले. मग खाली बघत म्हणाल्या, "आधीच. बाळ व्हायच्या आधी शिवू नये म्हणतात. माझ्याच्याने राहवलं नाही. चाकूबिकू काही नाही गं. माझ्यामुळं झालं."

हीच बाई सगळ्या नातेवाइकांना ग्रहणाचं सांगत होती.

संध्याकाळी अक्षयला सांगितलं, तर तो आधी हसला, मग त्याचा चेहरा पडला. "द्वारका सर्कलला खड्ड्यात गाडी आपटली होती, आठवतं? मी चालवत होतो. मी तुला बोललो नाही."

मम्मीला फोन केला. मम्मी म्हणाली, "तूपण लवकरच आली होतीस. माझ्याकडूनच आलं तुझ्यात."

मी फोन ठेवला. मंगलला म्हटलं, "मला धरून माझ्या घरात चौघं गुन्हेगार निघाले. एक पोरगी लवकर आणायला एवढी माणसं लागतात होय?"

मंगल म्हणाली, "मग तू कशाला एकटी रडते? वाटून घ्या."

मला खरंच हलकं वाटलं. म्हणजे पूर्ण नाही. आत्याबाईंचं ते अर्धवट तसंच होतं, आणि अण्णांची ती पेपरची घडी.

*

मग पोरीची नळी निघाली. सिस्टर म्हणाल्या, आता तिला पेटीपेक्षा माणसाची छाती बरी. उघड्या छातीवर पालथी ठेवायची, वरून कापड बांधायचं, तासन्‌तास. कांगारूसारखं. वजन वाढतं, श्वास सुधारतो.

पहिले काही दिवस मी आणि अक्षय आलटून-पालटून बसलो. मग मला ताप भरला. अक्षयची सुट्टी संपलेली, कंपनीत गेलेला. आईंना सर्दी, मम्मी गावाला. सिस्टर बाहेर आल्या आणि बाकावर नजर फिरवली. बाकावर मी, तोंडाला मास्क. माझ्या बाजूला आत्याबाई, लाडवांची नवी पिशवी घेऊन. आणि अण्णा, वेळेच्या आधी आलेले.

सिस्टर म्हणाल्या, "काका, हात-छाती स्वच्छ धुऊन या. शर्ट काढायचाय."

अण्णा माझ्याकडे बघेनात, बहिणीकडे बघेनात. हा माणूस भर मे महिन्यात घरातसुद्धा शर्टाचं वरचं बटण लावून बसतो. ते हवेत म्हणाले, "बनियनवर चालेल का म्हणावं."

"चालणार नाही म्हणावं," सिस्टर म्हणाल्या.

आत्याबाई म्हणाल्या, "गड्यामाणसानं हे काय? लोक हसतील."

अण्णा उठले. बेसिनकडे गेले.

मी काचेतून बघत होते. आत आरामखुर्चीत अण्णा, उघडे, छातीवरचे केस पांढरे, हात कुठे ठेवायचे ते कळत नाहीये. सिस्टरनी पोरीला उचलून त्यांच्या छातीवर पालथं ठेवलं, वरून कापड गुंडाळलं. फक्त टोपी दिसत होती. अण्णा श्वास घ्यायचे थांबले. सिस्टर म्हणाल्या, "श्वास घ्या काका, तिला त्याचीच गरज आहे." तेव्हा घेतला.

मग त्यांनी मान खाली घातली आणि टोपीशी कुजबुजायला लागले.

अण्णांच्या कुजबुजीबद्दल सांगायला हवं. कारखान्यात इंजिनांच्या आवाजात जन्म काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू येतं. त्यांची कुजबुज आमच्या शेजारच्या बिल्डिंगला ऐकू जाते. दार किलकिलं होतं. मला ऐकू आलं, मंगलला आलं, माझ्या बाजूला बसलेल्या आत्याबाईंना तर नक्कीच आलं.

"तुला मनमाडला नेतो," अण्णा टोपीला सांगत होते. "आपण जाऊन बसू फलाटावर. लोक इचारतील, गाडी चुकली का. इचारू दे. आपली गाडी यायचीय, आपण आधी आलो." मग पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ह्या घरात मला समदे हसायचे. वेळंच्या आधी येणारा मी एकटाच होतो. आता तू आलीस."

आत्याबाईंनी लाडवांची पिशवी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतली.

आतून सिस्टरचा आवाज आला, "काका, हळू बोला. बाकीची बाळं झोपलीत."

"हळूच बोलतोय," अण्णा म्हणाले. मग मान वर केली आणि काचेतून सरळ माझ्याकडे बघत म्हणाले, "सायली, तू जेवून घे."